दोन मेंटेनर, एकच फाईल

प्रश्न : ताई, नमस्कार. मी नांदेडचा. पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरूनच करतो आणि कंपनीच्या परवानगीने रोजचा थोडा वेळ एका मोठ्या ओपन सोर्स प्रकल्पाला देतो. प्रकल्पाचं नाव कृपया छापू नका. डिस्कवर डेटा लिहिण्या-वाचण्याचा विभाग माझ्याकडे आहे. सगळ्या विभागांना लागणारी सामाईक लायब्ररी दुसऱ्या एका मेंटेनरकडे, म्हणजे तो भाग सांभाळणाऱ्याकडे, आहे. ते युरोपात असतात, वयाने आणि अनुभवाने मोठे आहेत. त्यांच्याशी माझं काही केल्या जमेना. दर शनिवार-रविवारी ते स्वतःची जाहीर ब्रांच (कोडची शाखा) रीबेस करतात, म्हणजे तिच्यावरचं काम उचलून मुख्य कोडच्या नव्या टोकावर पुन्हा बसवतात, त्यामुळे सोमवारी माझं सगळं काम तुटलेलं असतं. माझ्या ट्रीतली, म्हणजे माझ्याकडच्या कोडच्या प्रतीतली, एखादी दुरुस्ती आवडली की ती उचलून स्वतःच्या ट्रीत टाकतात, मला सांगतही नाहीत. त्यांना पॅच (कोडमधले सुचवलेले बदल) फक्त मेलवर लागतात, मी पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझ्या ब्रांचवरून बदल ओढून घ्या’ अशी विनंती, घेतो. पुण्याच्या एका नव्या मुलीने दोन्ही विभागांना हात लावणारा पॅच दिला होता. मी तिला सांगितलं, सगळं एकत्र दे. त्यांनी सांगितलं, चार तुकडे कर. ती कंटाळून गेली. गेल्या रिलीजला आम्हा दोघांचीही कामं रिलीज बघणाऱ्यांनी परत पाठवली आणि लिहिलं, ‘आधी तुम्ही दोघं ठरवा.’ आता मी सुकाणू समितीकडे तक्रार करू, मतदान मागू की विभागच सोडून देऊ?

उत्तर : विभाग सोडू नका, आणि समितीकडेही इतक्यात जाऊ नका. तुमच्या पत्रात चार तक्रारी आहेत. त्या चारही एकाच माणसाविषयी असल्यामुळे तुम्हाला ते एक भांडण वाटतंय. पण त्या निरनिराळ्या जातीच्या आहेत. एकेक सुटी करून बघा.

मेल की पुल रिक्वेस्ट, ही गोष्ट ज्याच्या-त्याच्या विभागाची आहे. त्यांना मेल सोयीची वाटते, वाटू द्या. त्यांच्या विभागात कुणी किती तुकडे करायचे, हेही त्यांनीच सांगावं. रीबेस आणि परस्पर उचललेल्या दुरुस्त्या यांचं तसं नाही, त्या दोन्ही तुमच्या कामात येऊन पडतात. आपल्याकडे शेजाऱ्याने सोयाबीन पेरलं की तूर, यावरून कुणी तहसीलला जात नाही. धुरा, म्हणजे बांध, कोरला की जातं. तुमच्या दोघांत ठरायला हवं ते फक्त धुऱ्यावरचं. बाकीचं ठरवायला गेलात तर धुऱ्यावरचंही ठरणार नाही, हे मी बऱ्याच प्रकल्पांत जवळून पाहिलं आहे. भल्या माणसांनी बसून प्रकल्पभराची एकच पद्धत लिहून काढली, सगळ्यांना ती पाळायला सांगितली, आणि सहा महिन्यांत तो कागद कुणी उघडेनासं झालं.

आता रीबेसचं. हे नीट समजून घ्या, कारण समोरच्याला समजावताना हेच कामी येईल. गिटमध्ये, म्हणजे कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या साधनात, प्रत्येक कमिटला (नोंदवलेल्या बदलाला) जो लांबलचक ओळख क्रमांक असतो, तो त्या क्षणीच्या सगळ्या फायली, लेखक, तारखा, संदेश आणि आधीच्या कमिटचा क्रमांक या सगळ्यांवरून काढलेला असतो. ब्रांच उचलून नव्या पायावर ठेवली की आधीचं कमिट बदलतं, म्हणून क्रमांक बदलतो, आणि त्याच्या पुढच्या प्रत्येक कमिटचा बदलतो. बदलाचा मजकूर अक्षरन्‌अक्षर तोच असला तरी. समजा, लायब्ररीतल्या एका फंक्शनला त्यांनी एक जास्तीचा आर्ग्युमेंट दिला आणि तुम्ही त्यांची ब्रांच ओढून तुमच्याकडे ते फंक्शन जिथे-जिथे वापरलं आहे त्या सगळ्या जागा दुरुस्त केल्या. रविवारी त्यांनी रीबेस केलं. आता तुमच्या ट्रीत तो बदल जुन्या क्रमांकाने आहे, त्यांच्या ट्रीत नव्या. गिटच्या लेखी ती दोन वेगळी कमिटं. एकत्र करताना दोन्ही बाजूंचा मजकूर तंतोतंत सारखा असेल तर गिट गप्प बसतं, पण इतिहासात एकच बदल दोनदा नोंदला जातो. आणि मधल्या काळात दोघांपैकी एकाने त्याच ओळीच्या शेजारी काही हलवलं असेल तर कॉन्फ्लिक्ट येतो, म्हणजे कुठला मजकूर ठेवायचा ते गिटला ठरवता येत नाही. तुमची दुरुस्ती त्यांनी परस्पर उचलली तेव्हाही हेच झालं: चेरी-पिक म्हणजे नव्या क्रमांकाची नक्कलच. रिलीज बघणाऱ्याला मात्र एवढंच दिसतं की एकच गोष्ट दोन दारांनी आत येते आहे आणि कुठली खरी ते सांगणारं कुणी नाही. म्हणून त्यांनी दोन्ही परत केली. त्यांचं बरोबरच होतं.

यावर लिनक्स कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या प्रकल्पात, रुळलेला उपाय आहे, तो उचला. दोघांच्या हद्दीला लागणारे बदल तेवढे एका वेगळ्या छोट्या ब्रांचवर ठेवायचे. ती ब्रांच मधल्याच कुठल्या दिवसाच्या कोडवरून काढायची नाही. आरसी-१ (रिलीजआधीची पहिली चाचणी-आवृत्ती) सारख्या, सगळ्यांकडे असलेल्या ठरलेल्या ठिकाणावरून काढायची. ज्याच्या फायली जास्त, त्याने ती तयार करायची, तिच्यावर सही केलेला टॅग, म्हणजे नावाची खूण, लावायचा आणि जाहीर करायचं की ही आता बदलणार नाही. कर्नेलवाले तिला इम्यूटेबल ब्रांच म्हणतात. मग दोघांनीही तीच ब्रांच आपापल्या ट्रीत मर्ज करायची, म्हणजे मिसळून घ्यायची. कमिटांचे क्रमांक दोन्हीकडे तेच राहतात, त्यामुळे वर कुणाचंही काम आधी गेलं तरी दुसऱ्याच्या वेळी गिटला कळतं की हे आत आलेलंच आहे. त्या ब्रांचवर चूक निघाली तर कमिट खोडायचं नाही, वर दुरुस्तीचं नवं कमिट टाकायचं. त्यांच्या बाकीच्या ब्रांचेस त्यांनी रोज रीबेस केल्या तरी तुमचं काही बिघडत नाही.

हे त्यांना सांगण्याआधी एक करा. ते दर आठवड्याला रीबेस का करतात, हे त्यांना विचारा. ‘करू नका’ म्हणायच्या आधी विचारा, आणि खरोखर उत्तर हवं आहे अशा सुरात विचारा. असाच एक तंटा माझ्याकडे आला होता. त्यातले मेंटेनर इतिहास स्वच्छ ठेवण्याच्या हट्टापायी रीबेस करतात, असं सगळे धरून चालले होते. विचारल्यावर निघालं ते वेगळंच: त्यांच्याकडची स्वयंचलित चाचणी फक्त मुख्य ब्रांचच्या टोकावरच चालायची, जुन्या पायावरचं काहीही ती तपासायलाच घेत नव्हती. चाचणीच्या सेटिंगमधला पाया बदलला आणि रीबेसची गरजच उरली नाही. त्याआधी महिनोनमहिने दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या स्वभावावर लिहिलं गेलं होतं.

कॉन्फ्लिक्टविषयी आणखी एक. कॉन्फ्लिक्ट वर दिसू नये म्हणून काही जण पाठवण्याच्या आदल्या दिवशी मुख्य ब्रांच आपल्यात ओढून घेतात आणि सगळं आधीच मिटवून ठेवतात. तसं करू नका. कर्नेलचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी वर्षानुवर्षं सांगितलं आहे की सबसिस्टिमांच्या (विभागांच्या) सीमेवरचे कॉन्फ्लिक्ट मला स्वतःला बघायचे असतात, कारण कुठे दोन कामं एकमेकांना धडकतात ते त्यातूनच कळतं. कॉन्फ्लिक्ट येणार हे तुम्हाला माहीत असेल तर पुल रिक्वेस्टच्या मजकुरात ते साध्या वाक्यांत लिहा: अमुक फाईलमध्ये त्यांच्या बदलाशी धडक होईल, दोन्ही बाजू ठेवा, फक्त तिसरा आर्ग्युमेंट आमच्याकडचा घ्या. हवं तर तुम्ही मिटवून बघितलेली ब्रांच नमुन्यासाठी सोबत द्या. आणि तोच कॉन्फ्लिक्ट पुन्हा-पुन्हा सोडवावा लागत असेल तर गिटमधली रेरेरे ही सोय चालू करा; एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट ती लक्षात ठेवते.

शिवाय तुमच्या प्रकल्पात रोजची जुळणी होते का, ते बघा. कर्नेलमध्ये 2008 साली स्टीफन रॉथवेल यांनी लिनक्स-नेक्स्ट सुरू केलं. सगळ्या मेंटेनरांच्या पुढच्या रिलीजसाठीच्या ब्रांचेस कामाच्या बहुतेक दिवशी एकत्र करायच्या, बांधून बघायच्या, आणि धडक झाली की संबंधित दोघांनाही मेल. एवढंच ते काम, पण त्याने केवढी भांडणं जन्मालाच आली नाहीत! रिलीजच्या तोंडावर कळलेला कॉन्फ्लिक्ट माणसाला अपमानासारखा लागतो. काम केल्याच्या दुसऱ्या दिवशी कळला तर तो नुसता कॉन्फ्लिक्ट असतो. तुमच्याकडे अशी जुळणी नसेल आणि समितीकडे काही मागायचंच असेल, तर हे मागा.

तुम्हाला वाटत असेल की आपलंच नशीब खोटं. तसं नाही. 1998 मध्ये कर्नेलच्या लोकांत असाच भडका उडाला होता. पाठवलेले पॅच कुठे गायब होतात कळत नव्हतं, आणि एकट्या टोरवाल्ड्स यांना हा पसारा झेपत नाही असं उघड बोललं जाऊ लागलं. 2002 च्या सुरुवातीला तर पॅच गोळा करायला वेगळा माणूसच नेमा, अशी मागणी पुढे आली. त्याच वर्षी बिटकीपर नावाचं, कोडचा इतिहास सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरात आलं. 2005 च्या एप्रिलमध्ये त्याचा मोफत वापर बंद झाला आणि टोरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतलं. आज नऊ-दहा आठवड्यांच्या एका रिलीजमध्ये दहा हजारांहून जास्त बदल आत जातात. तेव्हा ज्यांच्यावर आडमुठेपणाचा शिक्का बसत होता, त्यांचे स्वभाव मधल्या काळात फारसे बदललेले नाहीत. एका माणसाच्या हातून सगळं जायचं, ते विश्वासातल्या मेंटेनरांच्या जाळ्यातून जाऊ लागलं.

त्या जाळ्यात प्रत्येक घराचे नियम वेगळे आहेत. नेटवर्किंगवाल्यांचं बघा. त्यांच्या दोन ट्री आहेत, दुरुस्त्यांची नेट आणि नव्या कामाची नेट-नेक्स्ट. पॅच कुठल्या ट्रीसाठी आहे ते विषयाच्या ओळीतच लिहावं लागतं. मर्ज विंडोच्या, म्हणजे पुढच्या रिलीजसाठी नवं काम मुख्य कोडमध्ये घेतलं जातं त्या दोन आठवड्यांत नेट-नेक्स्ट बंद असते, तेव्हा नवं काम पाठवायचं नाही. फंक्शनच्या सुरुवातीला व्हेरिएबल जाहीर करताना सगळ्यात लांब ओळ वर, मग उतरत्या क्रमाने छोट्या, असाही त्यांचा आग्रह आहे. बाहेरच्याला हे अति वाटेल. पण ते लिहून ठेवलेलं आहे, आणि मेंटेनर्स नावाच्या फाईलमध्ये प्रत्येक विभागाच्या नोंदीत त्याच्या नियमांच्या कागदाचा पत्ता देण्याची सोय आहे. माझं मत असं की नियम विचित्र असला तरी चालतो, पण तो मेंटेनरच्या डोक्यात राहता कामा नये. तुमच्या विभागासाठी असा एक कागद आजच लिहा. पॅच कसा हवा, किती दिवसांत उत्तर मिळेल, कुठल्या तारखेनंतर नवं काम घेत नाही. त्यांना लिहायला सांगू नका. तुमचा बघून ते लिहितील, किंवा त्यांच्याकडे येणारी माणसं त्यांना विचारू लागतील.

पुण्याच्या त्या मुलीची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. तुमच्या पत्रात ती चार छोट्या वाक्यांत आली आहे, पण प्रकल्पाचं खरं नुकसान तिथेच झालं. दोन मेंटेनर नव्या माणसाच्या पॅचखाली एकमेकांशी वाद घालतात तेव्हा त्याला कळत नाही की हा वाद आपल्या कोडवर चाललाच नाही. इथे नियम साधा ठेवा. पॅचमध्ये ज्याच्या फायली जास्त, तोच त्या पॅचचा यजमान. सूचना त्याच्याच तोंडून जातील आणि पॅच त्याच्याच ट्रीतून वर जाईल. दुसऱ्याने आपला भाग बघायचा आणि पटला तर ‘ॲक्ड-बाय’ची ओळ द्यायची. त्या ओळीचा अर्थ कर्नेलमध्ये हाच आहे की माझ्या हद्दीतला बदल मला मान्य आहे, तुमच्या वाटेने जाऊ द्या. पटलं नाही तर दोघांनी वेगळ्या धाग्यात (मेलच्या मालिकेत) बोलून घ्यायचं आणि नव्या माणसाला एकच उत्तर द्यायचं. आणि त्या मुलीला आजच मेल करा. तिचा पॅच अजून उपयोगाचा असेल तर तो आताच्या कोडवर बसवून द्यायचं काम तुम्ही अंगावर घ्या. लेखक म्हणून नाव तिचंच ठेवा.

आता अडवण्याच्या हक्काविषयी, कारण तुमच्या वादात पुढे-मागे तो निघणारच. सामाईक लायब्ररी त्यांच्याकडे आहे म्हणून ती कुणी कशी वापरायची हे ते ठरवू शकतात का? 2025 च्या सुरुवातीला कर्नेलमध्ये रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेवरून हाच प्रश्न टोकाला गेला. रस्टचा आधार कर्नेलमध्ये 2022 च्या डिसेंबरच्या 6.1 आवृत्तीपासून होता. मेमरीशी संबंधित एका सामाईक भागाचे मेंटेनर त्यांच्या सोयी रस्टमधून वापरणाऱ्या कोडच्या विरोधात होते, ते कोड त्यांच्या फायलींत नसतानाही. टोरवाल्ड्स यांनी मांडलेली भूमिका मला पूर्ण पटते. तुम्हाला रस्टशी संबंध ठेवायचा नसेल तर सक्ती नाही, तुमच्या फायलींवर तुमचा शब्द चालेल, पण तुमची सोय दुसऱ्याने आपल्या घरात कशी वापरावी यावर तुमचा नकाराधिकार नाही. तुमच्या लायब्ररीवाल्या मेंटेनरांनाही हेच लागू, आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या विभागांच्या बाबतीत तुम्हालाही.

समिती आणि मतदान यांचं मोल मी कमी करत नाही. डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या प्रकल्पाच्या घटनेत तांत्रिक समिती आहे, जास्तीत जास्त आठ जणांची, आणि एखाद्या डेव्हलपरचा निर्णय उलटवायचा असेल तर तिला तीनास एक असं बहुमत लागतं. इतकी उंच पायरी मुद्दाम ठेवली आहे. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकल्पात 2018 च्या जुलैत तिचे जनक ग्वीडो फान रॉसम यांनी अंतिम निर्णयाची जबाबदारी सोडली, तेही एका प्रस्तावावरच्या वादाने थकून. त्यानंतर लोकांनी पाच जणांचं निवडून दिलेलं मंडळ स्वीकारलं. शेवटचा शब्द कुणाचा, हे ठरलेलं असलं की त्या शब्दाची गरज क्वचितच पडते. पण वर गेलेल्या तक्रारीचा निकाल कुणाच्या तरी विरोधात लागतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाबरोबर तुम्हाला त्याच फाईलमध्ये काम करायचं असतं.

आणि धुऱ्यावरचा नियम मोडतच राहिला तर काय होतं, त्याचंही उदाहरण ताजं आहे. बीकॅशएफएस ही फाईल सिस्टिम (डिस्कवर फायली ठेवण्याची व्यवस्था) कर्नेलच्या 6.7 आवृत्तीमध्ये आली. मर्ज विंडो संपल्यावर फक्त दुरुस्त्या पाठवायच्या, हा सगळ्यांसाठीचा नियम. त्या काळात पाठवलेलं काम दुरुस्ती म्हणायचं की नवी सोय, यावरून वाद वारंवार झाले. तिच्या मेंटेनरांची बाजू अशी की वापरणाऱ्यांचा डेटा वाचवायचा तर थांबून चालत नाही. ती बाजू पोकळ नव्हती. पण वेळेचा नियम एकाच विभागाचा नसतो. शेवटी 6.18 मध्ये ते कोड कर्नेलमधून काढलं गेलं आणि आता ते बाहेरच सांभाळलं जातं. कष्ट आणि हुशारी भरपूर असूनही असं घडलं, म्हणून मला ते फार जिवाला लागतं.

तर तुमच्यासाठी कामाची गोष्ट. त्या मेंटेनरांना एक मेल लिहा, फक्त त्यांनाच, प्रकल्पाच्या मेलिंग लिस्टवर (यादीवर) नाही. त्यात मागचं काही काढू नका. मजकूर साधारण असा ठेवा:

‘तुमच्या लायब्ररीतल्या बदलांवर माझ्या विभागाचं बरंच काम उभं राहतं. गेल्या रिलीजला आपलं दोघांचंही काम परत आलं. पुढच्या वेळी ते टळावं म्हणून तीन गोष्टी सुचवतो. दोघांना लागणारे बदल आरसी-१ वर आधारलेल्या एका न बदलणाऱ्या ब्रांचवर ठेवू. ती तुम्ही केलीत तर उत्तम, नाहीतर मी करतो. दोन्ही विभागांना लागणाऱ्या पॅचवर ज्याच्या फायली जास्त त्याने उत्तर द्यावं, दुसऱ्याने ॲक द्यावा. एकमेकांच्या ट्रीतलं काही हवं असेल तर उचलण्याआधी एका ओळीचा मेल करावा. बाकी तुमची पद्धत तुम्हाला योग्य वाटते तशीच चालू द्या. तुम्ही दर आठवड्याला रीबेस करता त्यामागचं कारण मला कळलं तर मी माझ्या बाजूने काही सोय करू शकेन का, तेही बघतो.’

उत्तर आलं की ठरलेलं त्याच आठवड्यात रेपोमधल्या (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यातल्या) एका फाईलमध्ये टाका, दोघांच्याही सह्यांनी. आणि उत्तर आलंच नाही, तर ब्रांच तुम्ही करा, टॅग लावा, आणि रिलीज बघणाऱ्यांना कळवा की माझं काम आता या पायावर आहे.

प्रश्न : मी लातूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कर्नेलमधल्या एका ड्रायव्हरसाठी छोटा पॅच पाठवला, दहा दिवस झाले, उत्तर नाही. मित्र म्हणतात, पाच-सहा जणांनी मिळून मेल टाकले की मेंटेनर हलतात. थेट टोरवाल्ड्सनाच पाठवू का?

उत्तर : आधी बाळा, एवढं बघ: पॅच योग्य माणसांना गेला का? सोर्समध्येच गेट-मेंटेनर नावाची स्क्रिप्ट आहे. तुझा पॅच तिला दिलास की कुणाला आणि कुठल्या यादीला पाठवायचा ते ती सांगते. पॅचची मांडणी तपासणारी चेक-पॅच ही स्क्रिप्टही चालव. मग कॅलेंडर बघ. मर्ज विंडो चालू असेल तर मेंटेनर वरच्या कामात बुडालेले असतात. कर्नेलच्या कागदपत्रांत साधारण दोन-तीन आठवड्यांत प्रतिसाद अपेक्षित धरला आहे, आणि आठवण द्यायची तरी निदान एक आठवडा थांबायला सांगितलं आहे, गर्दीच्या काळात त्याहून जास्त. तू थांबलास ते ठीकच केलंस. आता त्याच धाग्यात एका ओळीची नम्र आठवण दे. आणखी काही आठवडे गेले तर नव्याने पाठव, विषयात ‘रीसेंड’ लिहून. सरळ टोरवाल्ड्स यांना नको.

मित्रांचं मात्र अजिबात ऐकू नकोस, आणि का ते त्यांनाही सांग. एक्सझेड नावाचं डेटा लहान करण्याचं सॉफ्टवेअर जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असतं. ते एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. 2022 मध्ये अनोळखी नावांनी त्याच्यावर मेलचा मारा झाला: काम हळू आहे, दुसऱ्याला अधिकार द्या. मदतीला आलेल्या एकाला हळूहळू अधिकार मिळाले. त्यानेच 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला. 2024 च्या 29 मार्चला आंद्रेस फ्रॉइंड यांनी तो उघड केला. एसएसएचने (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे जाण्याच्या सोयीने) लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, या शंकेचा त्यांनी पिच्छा पुरवला म्हणून तो सापडला. तेव्हापासून गटाने दबाव आणणाऱ्या मेलकडे शहाणे मेंटेनर संशयानेच बघतात, आणि बघावंच.

मेंटेनर खरोखरच सोडून गेला असेल तर त्याची रीतसर वाट असते. डेबियनमध्ये दुर्लक्षित पडलेलं पॅकेज ताब्यात घ्यायचं तर तसा इरादा जाहीर करून 21 दिवस थांबावं लागतं, मग निदान सात दिवसांच्या विलंबाने अपलोड, म्हणजे मूळ मेंटेनरला मध्ये बोलता येतं. तुझ्या बाबतीत इतकं काही झालेलं नाही. तोवर त्याच यादीवर दुसऱ्या कुणाचा छोटा पॅच वाच, स्वतःच्या मशीनवर चालवून बघ आणि चालला तर ‘टेस्टेड-बाय’ची ओळ दे. कुठल्या हार्डवेअरवर चालवलास तेही लिही. लातूरच्या वसतिगृहातल्या जुन्या लॅपटॉपवरची चाचणीही त्यांना हवी असते, कदाचित तसा लॅपटॉप दुसऱ्या कुणाकडे नसेलच.

प्रश्न : ताई, मी परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून एका प्रकल्पात सह-मेंटेनर आहे. सगळे निर्णय व्हिडिओ कॉलवर होतात. तो कॅलिफोर्नियाच्या सकाळी दहाला, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहाला, आणि हिवाळ्यात साडेअकराला. घरात सासूबाई आजारी, गावात लाईटचा भरवसा नाही. मी बोलायच्या आत सगळं ठरून गेलेलं असतं. पुरुष सहकाऱ्यांना हे सांगायला संकोच वाटतो.

उत्तर : घरचं कारण सांगायची तुम्हाला गरजच नाही. मुद्दा पद्धतीचा आहे, तो तसाच मांडा. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये लोक एका खोलीत जमून चर्चा करतात, पण तिथे झालेली सहमती मेलिंग लिस्टवर पक्की झाल्याशिवाय धरली जात नाही, कारण खोलीत नसलेल्यांचंही ऐकायचं असतं. हेच मागा: कॉलवर ठरेल तो प्रस्ताव, निर्णय नव्हे. दुसऱ्या दिवशी तो लेखी येईल, तीन दिवस हरकतीला मोकळा राहील आणि मगच लागू होईल. सगळ्यांनी हो म्हणायची वाट बघू नका; पुढच्या कॉलचा विषय आला की तुमचं मत आदल्या दिवशी लेखी पाठवा आणि ‘कॉलवर हे वाचून दाखवावं’ अशी विनंती करा. कॉलची वेळही आलटून-पालटून ठेवायला सांगा, एक महिना त्यांच्या सकाळी, एक महिना आपल्या सकाळी. आपल्या सकाळी साडेआठला त्यांच्याकडे आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ वाजलेले असतात, हिवाळ्यात सात, आणि एखादा महिना त्यांनी ती वेळ द्यायला हरकत नसावी.

पुढे काय झालं ते कळवा. तुमच्या प्रकल्पाने हे मान्य केलं तर त्यांनी लिहिलेला नियमाचा मजकूर मला पाठवा, म्हणजे अशाच अडचणीतल्या इतर वाचकांना तो इथे देता येईल.